घरांचा आकडा आहे, गट नंबर नाही

राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. ‘माझे घर, माझा अधिकार’ हे त्याचे घोषवाक्य, आणि २०३० पर्यंत दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरे हे उद्दिष्ट. जिल्ह्याजिल्ह्यांत घरांच्या गरजेचे सर्वेक्षण आणि सरकारी जमिनींची लँड बँक, दोन्ही २०२६ पर्यंत करायचे ठरले आहे. ते होईल तेव्हा होईल. आज मात्र यातली किती घरे नांदेडला, किती लातूरला आणि ती कोणत्या गट नंबरात, याचे उत्तर देणे कुठल्याही महापालिकेवर बंधनकारक नाही.

१९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखडा जमिनीचा वापर ठरवतो: इथे निवासी, तिथे व्यापारी, पलीकडे शेती. शाळा, उद्यान, रस्ता यांची आरक्षणेही पडतात. पण निवासी म्हणून पिवळ्या रंगात रंगवलेल्या जमिनीवर हमालाचे घर होणार की डॉक्टरांचा बंगला, याच्याशी आराखड्याला देणेघेणे नसते.

एक महत्त्वाचा अपवाद आहे. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत समावेशक गृहनिर्माणाची तरतूद आहे. ४ हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर लेआउट पाडला किंवा गृहप्रकल्प उभारला, तर २० टक्के वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवायचा. गोम पुढे आहे. त्या नियमावलीनुसार हा नियम १० लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांनाच लागू. २०११ च्या जनगणनेत नांदेड साडेपाच लाखांचे, लातूर पावणेचार लाखांच्या थोडे वर. मराठवाड्यात या चाळणीतून फक्त छत्रपती संभाजीनगर पार होते. साडेनऊ लाखांचे सोलापूरसुद्धा बाहेरच राहते!

लहान शहरांत जमीन स्वस्त, तिथे सक्ती कशाला, असा यामागचा तर्क असावा. तो टिकत नाही. मंजूर लेआउटमधला प्लॉट परवडत नाही, म्हणून मजूर, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या बाया शहराच्या कडेला शेतात पाडलेला गुंठा, अर्धा गुंठा घेतात, तोही बऱ्याचदा बाँड पेपरवर. एनए नाही, रस्ता कागदावरही नाही, सातबारावर नाव नाही. आणि नाव नाही म्हणून पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला मिळणारे अडीच लाख रुपयेही नाहीत. अनुदान ज्याच्यासाठी, तोच कागदाअभावी दारात उभा.

मग सरकार नियमितीकरण करते. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. तेव्हाची मुदत १ जानेवारी २००१. ती २०२१ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२० वर आणली. वीस वर्षे ढकललेल्या या मुदतीत एक कबुलीच आहे: नियोजनाने जी जागा दिली नाही, ती लोकांनी स्वतः शोधली. ड्रेनेज आणि रस्ते मागाहून घालायचे म्हणजे महापालिकेचा खर्च कैक पटींनी वाढतो, हे अभियंत्यांना विचारायचीही गरज नाही.

नांदेडने याहून बरे काही पाहिले आहे. २००८ च्या, शिखांच्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या काळात शहर केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानात होते. त्या पैशातून अनेक झोपडपट्ट्यांत लोकांना न हलवता, आहे त्याच जागी पक्की घरे बांधली गेली. गरिबाचे घर त्याच्या कामाजवळ राहू शकते, हे तिथे दिसले. त्याच अभियानात शहरांनी आणि राज्यांनी करायच्या सुधारणांमध्ये विकसित जमिनीचा २० ते २५ टक्के हिस्सा गरिबांच्या घरांसाठी राखण्याचा मुद्दाही होता. निधी संपला, अभियान संपले, मुद्दा फायलीत राहिला.

लातूरची अडचण आणखी वेगळी. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात ती गंजगोलाई आखून वसवणाऱ्या या गावाला नियोजन नवे नाही. पण आता खासगी शिकवणीच्या क्लासेसच्या भोवतालच्या घरांत मजले चढतात ते कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. एका खोलीत तीन-चार कॉटचे भाडे मिळत असेल तर घरमालक कुटुंब कशाला ठेवील? नव्या धोरणात विद्यार्थ्यांच्या निवासाचा उल्लेख आहे. त्याची सुरुवात लातूरपासून व्हायला हवी. आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर रेल्वेने पाणी आणलेल्या शहरात पिवळा रंग भरताना जलवाहिनीचा नकाशा शेजारी ठेवावाच लागेल.

घरांच्या आकड्याला जागा जोडण्याचे बंधन घालता येते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९६९ पासून प्रत्येक शहराला सर्व उत्पन्न गटांच्या घरांसाठी नियोजन करावे लागते. आता साधारण दर आठ वर्षांनी ठरवून दिलेल्या घरांच्या संख्येसाठी नेमकी जागा दाखवावी लागते. तिथली घरे स्वस्त झालेली नाहीत, हेही खरे. पण शहराला हिशेब तरी मागता येतो.

पण २० टक्क्यांचा नुसता नियम पुरत नाही, हे नाशिकने दाखवले. तिथे त्या वाट्यातली घरे म्हाडाकडे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे, आलीच नाहीत, असा आरोप २०२२ मध्ये तत्कालीन गृहनिर्माण मंत्र्यांनीच केला होता. जमिनीचे एकराहून लहान तुकडे दाखवून नियम चुकवल्याच्या तक्रारीही झाल्या. म्हणून १० लाखांची अट ३ लाखांवर आणताना सोबत दोन गोष्टी हव्यात: अंतिम लेआउटच्या नकाशावर राखीव लहान भूखंड वेगळ्या रंगात दाखवावेत, आणि म्हाडाच्या छत्रपती संभाजीनगर मंडळाने नांदेड आणि लातूरमध्ये किती भूखंड हाती आले, किती वाटले, याची गट नंबरनिहाय यादी दरवर्षी जाहीर करावी.