सरासरीच्या आड दडलेली गोळी

‘डॉक्टर, मागच्या डबीने बरे वाटले होते, या डबीने तसे वाटत नाही,’ ही तक्रार आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. औषध तेच, मात्रा तीच, अनुपानही तेच. अशा वेळी आपण पथ्यापथ्याची चौकशी करतो, अग्नीचा विचार करतो. गोळी तराजूवर ठेवून पाहणारे आपल्यात विरळाच. औषधशाळेकडे विचारणा करावी, तर ‘सरासरी वजन बरोबर आहे’ असे उत्तर येते. हे उत्तर अपुरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरणादाखल ५०० मिलिग्रॅमच्या एखाद्या गुग्गुळकल्पाच्या दोन बॅच घेऊ. समजा, पहिलीतील दहा गोळ्यांची वजने ४८८, ४९२, ४९६, ४९८, ५००, ५००, ५०२, ५०४, ५०८ व ५१२ भरली. दुसरीतील ४५५, ४६०, ४६२, ४६५, ४६८, ५३२, ५३५, ५३८, ५४० व ५४५. दोहोंची सरासरी नेमकी ५००, मध्यांकही ५००. कागदोपत्री दोन्ही सारख्याच!

आता आलेखाच्या कागदावर प्रत्येक गोळीसाठी एक ठिपका द्यावा. पहिलीचे ठिपके ५०० भोवती एकाच ढिगात जमतात व दोन्ही बाजूंस सारखेच विरळ होत जातात. दुसरीचे मात्र दोन ढीग पडतात आणि मधली जागा रिकामी राहते. पहिलीचा विस्तार २४ मिलिग्रॅम, दुसरीचा ९०. इंडियन फार्माकोपियाच्या कसोटीत वीस गोळ्या तोलतात. एवढ्या वजनाच्या गोळीस सरासरीपासून ५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. त्याबाहेर दोनपेक्षा अधिक गोळ्या जाता कामा नयेत व १० टक्क्यांबाहेर एकही नाही. येथे ती मर्यादा ४७५ ते ५२५ होते. दुसऱ्या बॅचच्या दहाही गोळ्या तिच्याबाहेर आहेत.

लक्षणांवरून आपण जसा हेतू शोधतो, तसा या आकारावरून दोषाचा माग काढता येतो. दोन ढीग दिसले, तर यंत्राचे दोन पंच वेगवेगळे बसले असावेत किंवा मध्येच कोणी भरण बदलले असावे. ढीग एकच पण पसरट असेल, तर ग्रॅन्यूल एकसारखे नसावेत. हलक्या बाजूस शेपूट लांबली असेल, तर हॉपर रिता होत आल्यावरही यंत्र चालू ठेवले गेले असावे. सरासरीचा एक आकडा यातले काहीच सांगत नाही. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ साली चार लहान आकडेसंच मांडून हेच दाखविले होते. सरासरी सारखी, चित्रे मात्र सर्वस्वी भिन्न.

रुग्ण सरासरी गिळत नाही, हातातली गोळी गिळतो. रसकल्पांच्या बाबतीत तर हा फरक अधिकच गंभीर ठरतो. म्हणून औषधशाळांच्या चालकांना विनंती, की बॅचच्या नोंदीत सरासरीसोबत वीसही वजने व ठिपक्यांचा आलेख ठेवावा. आणि आपण वैद्यांनी मात्रेला दोष देण्यापूर्वी नव्या डबीतील वीस गोळ्या एकदा तोलाव्यात. त्यासाठी मिलिग्रॅमपर्यंत अचूक असा एक तराजू, आलेखाचा एक कागद व अर्धा तास पुरेसा आहे.