हँडलला लटकलेला संसार

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. उन्हाळ कांद्याची आवक ऐन भरात होती, लासलगावच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर नि पिकअपची रांग, आणि त्या रांगेतून वाट काढत मी गिरणीवरून घरी आले. पायाशी दळणाचा डबा, उजव्या हँडलला भाजीची पिशवी, पुढच्या हुकाला बचत गटाच्या मसाल्यांची पिशवी, खांद्यावर पर्स. दारात गाडी साइड स्टँडला लावली, उतरले आणि भाजीची पिशवी ओढली. चावी बंद करायची राहिली होती. पिशवीचा बंद ॲक्सिलेटरला अडकला, मूठ फिरली, आणि आमची बॅटरीची गाडी जागच्या जागी उसळून ओट्याच्या पायरीवर जाऊन आदळली.

त्या पायरीवर त्या वेळेला रोज माझी धाकटी बसलेली असते. त्या दिवशी ती पाणी प्यायला आत गेली होती. एवढंच.

पेट्रोलची गाडी चालू राहिली तर फुरफुरते, थरथरते, आपल्याला सांगते की बाई, मी जागी आहे. बॅटरीची गाडी मुकी. चालू आहे की बंद, ते फक्त मीटरवरच्या दिव्यावरून कळतं, आणि हातात चार पिशव्या असताना मीटरकडे बघतं कोण? नव्या काही गाड्यांना साइड स्टँड खाली असला की मोटर फिरतच नाही, काहींना 'पार्किंग'चं बटण असतं. माझ्या जुन्या गाडीला यातलं काही नाही.

सांडलेलं पीठ गोळा करताना जे ऐकावं लागलं ते तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे. "बायकांना गाडी सांभाळता येत नाही." समोरच्या काकांपासून आमच्या ह्यांच्यापर्यंत सगळ्यांचं एकमत. मलाही दोन दिवस तसंच वाटत होतं. तिसऱ्या दिवशी मी एक केलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन एक-एक वस्तू काट्यावर ठेवली. दळण दहा किलो. भाजी सहा. मसाले आठ. पर्स, पाण्याची बाटली, छत्री मिळून तीन. सत्तावीस किलो! त्यातलं चौदा किलो हँडलला आणि हुकाला, म्हणजे ज्या भागाने गाडी वळवायची त्याच भागाला लटकवलेलं.

आपलं गाव म्हणजे वजनाचं गाव. इथे भुईकाट्यावर ट्रॅक्टर चढतो, क्विंटलला पाच-दहा रुपयांचा फरक पडला तरी लिलावात आवाज चढतात. आणि बाईच्या गाडीवर किती ओझं आहे, ते कुठे ठेवलंय, हे मात्र कुणी मोजलेलं नसतं. मीही नव्हतं मोजलं.

ओझं कुठे ठेवायचं हे खरं तर आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कावड आठवा. दोन्ही बाजूंना सारखं वजन, मध्ये खांदा. गाढवाच्या पाठीवरची गोण आठवा, दोन्ही कुशींना सारखी. खांद्यावर टाकायची पडशी पुढे-मागे दोन तोंडांची असायची ती काय शोभेसाठी? आजही आपले दूधवाले सायकलला किंवा मोटरसायकलला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी कॅन अडकवतात, एक भरलेला नि एक रिकामा असा माल घेऊन कोणी शहाणा दूधवाला फिरत नाही. हॉलंडमध्ये तर सायकलच्या मागच्या कॅरियरवर टाकायच्या जोडपिशव्या ही घरोघरची वस्तू आहे, तिथल्या बाया आठवड्याची भाजी त्यातून आणतात. आपल्याकडे दूधवाल्याला जे सुचलं ते स्कूटीवाल्या बाईसाठी कुणालाच का सुचू नये?

गाडी घेतानाचा प्रसंग मला लख्ख आठवतो. दुकानात रंग पाच दाखवले. मोबाइल चार्ज करायची सोय दाखवली. मी विचारलं, "सामान कुठे ठेवायचं?" तर त्या मुलाने सीट उचलून डिकी दाखवली. आत अर्धी जागा बॅटरीने व्यापलेली, उरलेल्या जागेत एक रेनकोट नि दोन वह्या. "मॅडम, लेडीजला एवढी पुरते," म्हणाला. मी हसून गप्प बसले, त्याची मला आता लाज वाटते.

तर त्या पिठाच्या प्रसंगानंतर मी गाडी घेऊन फॅब्रिकेशनच्या दुकानात गेले. "ताई, कशाला मागे एवढं करताय? पुढे छान टोपली लावून देतो," पहिला प्रस्ताव हाच. पुढची टोपली दिसायला गोंडस असते हे खरं. कोथिंबिरीची जुडी, लेकीची टोपी, एवढ्यापुरती ठीक आहे. पण त्यात पाच किलो पडले की हँडल जड होतं, खड्ड्यात चाक वळतं. पुढच्या हुकाचंही तेच. गाडीच्या पुस्तिकेत हुकाला किती वजन चालतं तो आकडा दिलेला असतो. जरा काढून वाचा, आपण समजतो त्याहून तो फारच लहान निघतो.

मला हवी होती ती मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना बसणारी नळीची चौकट, आणि तिच्यावर अडकवायच्या दोन पिशव्या. ती बनवताना ज्या चुका झाल्या त्या सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

पहिली चूक होता होता राहिली. दुकानदार गाडी उभी करून तिच्यावरच वेल्डिंग मारायला निघाला होता. बॅटरीच्या गाडीवर हे कधीही करू देऊ नका. वेल्डिंगचा करंट गाडीच्या वायरिंगमधून गेला तर कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज सोडणारा डबा, जळू शकतो, आणि त्याची किंमत चौकटीच्या कितीतरी पट. चौकट वेगळी बनवायची, रंगवायची आणि मग गाडीला आधीच असलेल्या बोल्टांच्या जागी कसायची. सीटमागे धरायचा जो दांडा असतो त्याचे बोल्ट वर, पायदानाचे बोल्ट खाली. नवीन भोक पाडायची वेळ आली तर आधी बॅटरी नि वायरी कुठून जातात ते बघा, आणि भोक पाडल्यावर कंपनीची हमी राहते का तेही विचारा.

दुसरी चूक मात्र झालीच. पहिल्या चौकटीचं वरचं टोक सीटच्या दांड्याला आणि खालचं टोक चाकाजवळच्या दांडीला बांधलं. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात ती वाकली. कारण साधं आहे. खड्ड्यात चाक वर-खाली होतं, शॉकअप दबतो, पण सीट तेवढी हलत नाही. एक टोक हलणाऱ्या भागाला नि दुसरं न हलणाऱ्याला बांधलं की मधला दांडा तुटणारच. चौकटीची सगळी टोकं शॉकअपच्या वरच्या, म्हणजे गाडीच्या अंगाच्याच भागाला हवीत. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच बॅटरीच्या गाड्यांची मोटर मागच्या चाकातच असते, तिची जाड वायर चाकाच्या मधल्या आसापाशी बाहेर येते. ती चौकटीखाली घासली जाता कामा नये. माझी घासत होती. वायरचं वरचं आवरण सोललेलं दिसलं तेव्हा पोटात गोळा आला.

पिशव्या मी ताडपत्रीच्या शिवून घेतल्या. कांदा झाकायच्या ताडपत्र्या शिवणारे आपल्याकडे काय कमी आहेत? चाकाच्या बाजूला आतून प्लायवुडची फळी घातली, नाहीतर भरलेली पिशवी फुगते आणि चाकाला लागते. बंद लोंबते ठेवायचे नाहीत. लोंबता बंद नि लोंबता पदर, चाकाला दोन्ही सारखेच. ओढणी चाकात जाऊन काय होतं हे मी लिहायला नको. मागून लाल रेडियमची पट्टी लावली, आणि नंबरप्लेट, मागचा दिवा, इंडिकेटर झाकले जात नाहीत ना हे ह्यांना मागे उभं करून बघितलं. एक फायदा मात्र बॅटरीच्या गाडीचा आहे, तिला सायलेन्सर नाही. पेट्रोलच्या गाडीवर माझी एक नवी कोरी पिशवी सायलेन्सरला चिकटून वितळली होती, ते दुःख इथे नाही.

सगळं मिळून तीन हजारांच्या आत बसलं. घरात यावरून दोन दिवस धुसफुस झाली, "गाडी चांगली चाललीय, कशाला उगाच?" त्याच महिन्यात मोबाइलचं नवं कव्हर नि काच यावर झालेला खर्च मी बोलून दाखवला, मग धुसफुस थांबली.

आता सगळ्यात अवघड भाग. सासूबाई. त्या गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसतात, आणि पाय येतात डावीकडे, नेमके पिशवीच्या जागी. ज्या कुणी परदेशातल्या पिशव्या पाहून चौकट बनवायला जातील त्यांचा हा प्रश्न तिथल्या कुठल्याच पिशवीने सोडवलेला नसेल, कारण तिथे नऊवारी नेसून एका बाजूला बसत नाहीत! आपल्या मोटार वाहन नियमांनी मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकणारी जाळी सक्तीची केलेली आहे. पिशव्यांसाठी ती साडीची जाळी काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. आमच्याकडे तोड अशी निघाली की डावी पिशवी दोन आकड्यांवर अडकते, पाच सेकंदांत निघते. सासूबाई बसणार असतील तर ती घरी राहते. मग उजवी एकटी भरली तर तोल जातो, म्हणून तीही अर्धीच भरायची.

माणूस की सामान, हा हिशेब नियमातही आहे. 2020 साली केंद्राने मोटरसायकलवरच्या हलक्या पेटीसाठी मापं ठरवून दिली, लांबी 55, रुंदी 51 आणि उंची 50 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि पेटी मागच्या माणसाच्या जागेवर लावली तर मग मागे माणूस बसवायचा नाही. ज्या गाड्यांचा वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि मोटर 250 वॉटच्या आत असते, त्या बिनलायसन्सच्या गाड्या नोंदणीतून सुटलेल्या आहेत, म्हणून बऱ्याच जणी त्याच घेतात. पण लक्षात घ्या, लायसन्स नको म्हणजे मोटर बारकी. तिच्यावर दोन माणसं नि तीस किलो घालून चढ चढायला लावलं तर ती तापते नि बॅटरी भराभर उतरते. माझ्या गाडीत रिकाम्या फेरीला विंचूरला जाऊन येईपर्यंत मीटरची जेवढी दांडी उतरते, भरल्या फेरीला जाता जाताच तेवढी उतरते. ब्रेकही लांब लागतो. टायरमधली हवा एकट्यासाठी वेगळी नि ओझ्यासाठी वेगळी, दोन्ही आकडे गाडीवर चिकटवलेले असतात.

पंचेचाळिशीच्या पुढच्या मैत्रिणींना लूना आठवत असेल. 1972 साली पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती आणली, आणि गावोगावच्या शिक्षिका, नर्सबाई, पोस्टातल्या बाई तिच्यावरून फिरल्या. माझ्या मावशीच्या लूनाच्या कॅरियरवर शाळेच्या वह्यांचा गठ्ठा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेला असे. 2024 च्या फेब्रुवारीत तीच लूना विजेवर परत आली, सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांच्या कायनेटिक ग्रीनने आणलेली, मागची सीट काढून सामानाला जागा होईल अशी, आणि कंपनी दीडशे किलो वाहायचं सांगते. मला जाहिरात करायची नाही, आणि ते दीडशे किलो चालवणाऱ्यासकट धरायचे असतात हेही सांगून ठेवते. पण गाडी बनवताना ओझ्याचा विचार आधी करता येतो, एवढं तरी त्यातून दिसतं. मग उरलेल्या कंपन्या आपल्याला पाच रंग का दाखवत बसतात? आपण विचारत नाही म्हणून. एका बाईने विचारलं तर तो मुलगा डिकी उघडून दाखवतो. दहा जणींनी विचारलं, आणि "सामानाची चौकट कंपनीची मिळत नसेल तर गाडी नको" म्हणून उठून गेल्या, तर वरपर्यंत निरोप जाईल.

आमच्या गटातल्या तिघींनी आता तशीच चौकट करून घ्यायचं ठरवलंय. त्यातली एक काल माप द्यायला गाडी घेऊन आली, धुऊन-पुसून, रिकामी. हँडलला एक पिशवीसुद्धा नाही. मी तिला परत पाठवलं. म्हटलं, "अगं, सोमवारी गिरणीवरून येतेस ना, तशी ये. दळण, भाजी, पोराचं दप्तर, सगळं घेऊन. आणि येताना किराणा दुकानाचा काटा उघडा असेल तेव्हा ये."