वाळलेल्या झाडांची चौकशी

वृंदावनजवळ सप्टेंबर 2024 मध्ये एका रात्रीत 454 झाडे तोडली गेली. त्यांतील 32 रस्त्याकडेच्या संरक्षित वनपट्ट्यातील होती. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर झाडामागे एक लाख रुपये दंडाची शिफारस मान्य केली आणि तशी हिरवाई पुन्हा उभी राहण्यास निदान शंभर वर्षे लागतील, असे बजावले. हे वाचून समाधान पावणाऱ्या महाराष्ट्रीय नागरिकाने क्षणभर आपल्या घरासमोरील रस्त्याकडे पाहावे.

येथे कुऱ्हाडीची गरजही पडत नाही. फांद्यांनी जाहिरातीचा फलक झाकला किंवा दुकानाचे तोंड अडले, की बुंध्याची साल गोलाकार सोलली जाते, नाहीतर भोके पाडून आत विष ओतले जाते. झाड वाळते. मग ते धोकादायक ठरते आणि पाडण्याची परवानगी अगदी रीतसर मिळते! वस्तुतः 1975 च्या राज्य अधिनियमात वृक्षतोडीच्या व्याख्येत झाड जाळणे व त्यास कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते. 2021 च्या दुरुस्तीने तर पन्नास व त्याहून अधिक वर्षांच्या वृक्षांस वारशाचा मान दिला. पण झाड वाळले कशाने, हे विचारावयाचे कोणी?

वाळलेले झाड पाडण्यापूर्वी बुंध्याची तपासणी करून तिचा अहवाल पालिकेने जाहीर करावा, आणि विषप्रयोग सिद्ध झाल्यास ज्या फलकासाठी तो झाला त्याचा परवाना रद्द करावा, अशी आमची मागणी आहे.