यंत्रांच्या राज्यात : चार गळे, एक सूर

दोस्तांनो, एक लिटर पेट्रोल जाळायला किती हवा लागत असेल? एक बादली? एक पिंप? छे! पेट्रोल पुरतं जळायचं तर त्याच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. म्हणजे हवा लागणार सुमारे ११ किलो. आणि ११ किलो हवा म्हणजे जवळजवळ ९,००० लिटर! गच्चीवरच्या १,००० लिटरच्या पाण्याच्या टाक्या असतात ना, तशा नऊ टाक्या भरून हवा!

हवा आणि पेट्रोल यांचं हे प्रमाण आजच्या नव्या गाड्यांत छोटा संगणक सांभाळतो. पण कित्येक वर्षं हे काम एक साधं दिसणारं यंत्र करत होतं. त्याचं नाव कार्बोरेटर. बाबांच्या किंवा आजोबांच्या जुन्या स्कूटरला तो असतोच. शर्यतीच्या गाडीत मात्र या कार्बोरेटरचा सूर जुळवणं ही एक कलाच असते. आज आपण तीच बघू या.

आधी तो चालतो कसा? डासांवर औषध मारायचा जुना हातपंप आठवा. दांडा ढकलला की नळीच्या तोंडावरून हवा जोरात जाते, डब्यातलं औषध वर ओढलं जातं आणि त्याचे तुषार उडतात. कार्बोरेटरचंही तसंच. त्याच्या नळीत मध्ये एक अरुंद गळा असतो. इंजिनाने हवा ओढली की ती या गळ्यातून वेगाने जाते. वेग वाढला की तिथला दाब कमी होतो. मग शेजारच्या छोट्या टाकीतलं पेट्रोल एका बारीक भोकातून वर येतं आणि तुषार होऊन हवेत मिसळतं. या भोकाच्या पितळी तुकड्याला ‘जेट’ म्हणतात.

आता एक खरी गाडी घेऊ. इंग्लंडची लोटस कॉर्टिना. १९६४ साली जिम क्लार्कने हिच्यावरच ब्रिटनची सलून गाड्यांची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. वळणावर तिचं पुढचं एक चाक चक्क हवेत उचललं जायचं! इंजिन चार सिलिंडरचं, १,५५८ सीसीचं. त्यावर दोन वेबर कार्बोरेटर. एडुआर्दो वेबर यांनी १९२३ साली इटलीतल्या बोलोन्यात सुरू केलेल्या कारखान्याचे. प्रत्येक कार्बोरेटरला दोन नळ्या, म्हणजे चार सिलिंडरना चार स्वतंत्र गळे. मिनिटाला ७,००० फेऱ्या होतात तेव्हा प्रत्येक सिलिंडर सेकंदाला ५८ वेळा श्वास घेतो. चौघांनी सारखाच श्वास घ्यायला हवा. एक जरी मागे पडला तरी त्याचं ओझं उरलेल्या तिघांवर पडतं.

म्हणून चांगला मेकॅनिक आल्या आल्या कार्बोरेटरला हात लावत नाही. आधी तो प्लग, झडपांमधली फट आणि ठिणगीची वेळ तपासतो. दोष तिथे असेल आणि स्क्रू कार्बोरेटरचे फिरवले, तर सगळाच घोटाळा! मग तो इंजिन चांगलं गरम होऊ देतो.

पहिलं काम, हवा सारखी करणं. प्रत्येक गळ्याच्या तोंडाशी हवा मोजायचं छोटं यंत्र धरून काटा बघायचा. जुने मेकॅनिक तर रबरी नळीचं एक टोक गळ्याशी आणि दुसरं कानाशी धरतात. ‘सूं’ असा आवाज येतो. एका कार्बोरेटरचा आवाज मोठा आणि दुसऱ्याचा बारीक असेल, तर दोघांना जोडणाऱ्या दांड्यावरचा स्क्रू किंचित फिरवायचा. दोन्हीकडचा ‘सूं’ एक झाला की हे काम फत्ते.

दुसरं काम, गाडी जागेवर उभी असतानाचं मिश्रण. प्रत्येक नळीला त्यासाठी एक स्क्रू असतो. तो हलकेच पूर्ण आत बसवून साधारण दीड फेरा बाहेर काढतात. तिथून पुढे कानावर भरवसा! स्क्रू जास्त आत गेला तर पेट्रोल कमी पडतं, इंजिन मिसिंग मारतं, कधीकधी कार्बोरेटरमधून ‘फट्’ असा आवाजही येतो. जास्त बाहेर आला तर पेट्रोल जादा होतं आणि काळा धूर निघतो. या दोन्हींच्या मध्ये जिथे इंजिन सर्वांत गुळगुळीत चालतं, तिथे थांबायचं. चारही नळ्यांना हेच.

तिसरं काम, भरधाव वेगाचं. इथे जेटची गंमत आहे. त्यावर १२० असा आकडा असेल तर भोक १.२० मिलिमीटरचं. मेकॅनिकांचा एक सोपा आडाखा आहे. अरुंद गळ्याचा मिलिमीटरमधला व्यास गुणिले चार. गळा ३० चा, तर जेट १२० चं. पण ही फक्त सुरुवात. मग मोकळ्या ट्रॅकवर चालक गाडी पूर्ण वेगात नेतो, एकदम इंजिन बंद करून क्लच दाबतो आणि गाडी घरंगळत बाजूला आणतो. प्लग काढून बघायचा. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जादा, पांढराफटक म्हणजे कमी, बिस्किटासारखा फिकट तपकिरी म्हणजे ठीक. आता एक्झॉस्टच्या पाइपात प्राणवायू मोजणारा सेन्सर बसवूनही हे कळतं.

यात जोखीम मोठी असते बरं का! पूर्ण ताकदीला शर्यतीचं इंजिन १४.७ वर नव्हे, तर १२.५ ते १३ भाग हवेवर चालवतात. ते जादा पेट्रोल सिलिंडरला थोडं थंडही ठेवतं. पेट्रोल कमी पडलं तर उष्णता वाढते, स्फोट भलत्याच वेळी होतात आणि पिस्टनला चक्क भोक पडू शकतं. एका चुकीच्या जेटपायी अख्खं इंजिन भंगारात! उलट पेट्रोल फारच जादा झालं तर ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि इंजिन झिजतं.

आणि एकदा जुळलेला सूर कायम राहतो का? नाही! अमेरिकेतल्या पाइक्स पीक डोंगरावर १९१६ पासून शर्यत होते. सुरुवात २,८६२ मीटर उंचीवर, शेवट ४,३०२ मीटरवर. वर जावं तशी हवा विरळ होते. कार्बोरेटरला ते पुरतं कळत नाही, तो त्या मानाने जास्तच पेट्रोल देतो. पायथ्याशी छान चालणारं इंजिन शिखरावर गुदमरतं. मग सूर जुळवायचा कुठला? पायथ्याचा की शिखराचा? मेकॅनिक मधला मार्ग काढतो.

म्हणूनच त्याच्या खिशात पान्याबरोबर एक वहीही असते. तारीख, उन्हाळा की पावसाळा, जेटचा आकडा, प्लगचा रंग, फेरीला लागलेला वेळ, सगळं तिच्यात लिहिलेलं. आणि एक नियम तो कधी मोडत नाही : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गाडी सुधारली, तर ती कशामुळे सुधारली हे कळणार कसं? शाळेच्या प्रयोगशाळेतला नियम तो हाच!

अमेरिकेच्या नॅस्कारच्या सर्वांत वरच्या शर्यतमालिकेत २०११ पर्यंत कार्बोरेटर होते. २०१२ पासून तिथेही इंजेक्शन आलं. पण इंग्लंडमधल्या गुडवूड रिव्हायव्हलसारख्या जुन्या गाड्यांच्या शर्यतींत अजूनही मेकॅनिक कानाला नळी लावून उभे असतात.

एक ताकीद. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका, त्याच्या धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो. आणि पेट्रोलशी खेळ नको! स्कूटरचा कार्बोरेटर बघायचाच असेल तर बाबांना घेऊन गॅरेजमध्ये जा आणि तिथल्या काकांना दाखवायला सांगा.

आता या आठवड्याचं डोकं चालवा : १२० चं जेट काढून १२५ चं बसवलं, तर भोकाचं क्षेत्रफळ किती टक्क्यांनी वाढेल? चार टक्के म्हणाल तर फसाल! वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र आठवा. उत्तर पुढच्या अंकात.