ट्रकवाल्याचं गणित रेल्वेच्या वहीत

कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते वेर्णा असे ट्रक रेल्वेवर चढवून न्यायला सुरुवात केली, तेव्हा आम्हा ट्रकवाल्यांची पहिली प्रतिक्रिया छापण्याजोगी नव्हती. माझं गाव मालवण तालुक्यातलं, धंदा कुडाळात आणि गाड्या मुंबई-गोवा रस्त्यावर. रेल्वे आली म्हणजे आपलं थोडंफार भाडं जाणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. पण मालाबरोबर आमचा ट्रकच ती उचलून नेईल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या जुन्या ड्रायव्हरने बातमी ऐकली आणि विचारलं, "रेल्वेच गाडी व्हरतली तर मगे मी काय निजान जातलंय?"

त्याने ते रागाने विचारलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या योजनेचा अर्धा नफा त्याच्या त्या झोपेतच होता.

हल्ली आमच्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांत कंपन्यांची शिबिरं भरतात. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, हातात मार्कर, आणि मुंबई-पुण्याचे साहेब ‘कल्पक नेतृत्व’ या विषयावर दिवसभर बोलतात. संध्याकाळी सुरमई, दुसऱ्या दिवशी स्कूबा. माझी त्याला काही हरकत नाही, आमच्या लोकांना चार पैसे मिळतात. पण धंद्यातला मोठा गुंता नवनव्या कल्पनांचा ढीग घातल्याने सुटताना मी तरी पाहिलेला नाही. समोरच्या माणसाचा हिशेब कुणीतरी प्रामाणिकपणे आपल्या वहीत मांडला, की तो सुटायला लागतो. त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण शिबिराला आलेल्या साहेबांच्या जेमतेम तासाभराच्या अंतरावरून, कुडाळ आणि कणकवलीवरून, रोज धडधडत जातं.

त्या वेळी कोकण रेल्वेची अडचण साधी नव्हती. सुमारे साडेतीन हजार कोटींची रेल्वे, त्यातला मोठा पैसा रोख्यांतून उभा केलेला. २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग सुरू झाला आणि मालवाहतुकीचा अंदाज कागदावरच राहिला. कोकणात कोळशाच्या खाणी नाहीत, साखर कारखान्यांची रांग नाही. आंबा दोन महिन्यांचा, काजू पोत्यांत मोजण्याइतका, मासळी बर्फात आणि घाईत. रिकामा रूळ पैसे मिळवत नाही, पण त्याच्यावरचं व्याज काही थांबत नाही.

माल नव्हता असं मात्र नाही. तो शेजारच्या महामार्गावरून आमच्या ट्रकांतून चालला होता. नेहमीच्या पठडीतला रेल्वे अधिकारी काय करील? दर कमी करील, मालधक्का बांधील, व्यापाऱ्यांची बैठक घेऊन चहा पाजील. पण व्यापारी मालधक्क्यावर का येत नाही, हे ट्रकवाल्याला विचारा. गोदामातून ट्रकमध्ये, ट्रकमधून वाघिणीत, वाघिणीतून पुन्हा ट्रकमध्ये. हमाली वाढते, फुटतूट वाढते, आणि चार पेट्या कुठे गेल्या हे कुणालाच ठाऊक नसतं. दर कितीही उतरवला तरी हा हिशेब जुळत नाही. मग माल ट्रकमधून उतरवायचाच कशाला? कोकण रेल्वेच्या बी. राजाराम यांचं नाव या योजनेशी जोडलं जातं. त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी रेल्वेचा प्रतिस्पर्धीच रेल्वेचं गिऱ्हाईक करून टाकला. त्यासाठी नवा शोध लावावा लागला नाही. सपाट वाघिणी, एक रॅम्प आणि साखळ्या एवढ्यावर काम भागलं.

कोलाडचं ते चढवणं बघण्यासारखं असतं. शेवटच्या वाघिणीला रॅम्प लावलेला असतो. ट्रक त्यावरून वर जातो आणि एका वाघिणीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, असा पार पुढच्या टोकापर्यंत चालत जातो. मग त्याच्या मागून दुसरा. आधी उंची तपासली जाते. ताडपत्रीखाली माल फुगलेला असला की गाडी अडते. क्लीनर वर चढून दोर सैल करतो, पोती सरकवतो, आणि खालून पाचजण सल्ले देत असतात. मग चाकांखाली ठोकळे, साखळदंड, हँडब्रेक. ड्रायव्हर आणि क्लीनर आपापल्या केबिनमध्येच राहतात. गाडी सुटली की वेर्ण्यापर्यंत कशेडी नाही, भोस्ते नाही, परशुराम नाही. डिझेल वाचलं, टायर वाचले, ब्रेक लायनर वाचले, आणि ड्रायव्हर रात्रभर झोपला. पुढे ही सेवा मंगळूरजवळच्या सुरतकलपर्यंत गेली. ज्यांनी शिव्या घातल्या होत्या, त्यांतलेच कितीतरी कोलाडला रांगेत दिसू लागले.

ही गोष्ट ज्या संस्थेत घडली, तिची घडणही जरा वेगळी होती. नाथ पैंनी संसदेत गळा कोरडा केला, मधु दंडवत्यांनी रेटा लावला, पण भारतीय रेल्वेच्या वार्षिक अर्थसंकल्पावर विसंबून राहिलं असतं तर कोकणात रूळ यायला आणखी दोन पिढ्या लागल्या असत्या. म्हणून १९९० मध्ये वेगळं महामंडळ निघालं. भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६, आणि बाकीचा पैसा कर्जाचा. त्याच वर्षी रेल्वेतून निवृत्त झालेले ई. श्रीधरन प्रमुख झाले. त्यांनी बोगदे किती आणि पूल किती बांधले, हे शाळेतली पोरंही सांगतील. मला त्यांची दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. सगळ्या मार्गाचे त्यांनी सात विभाग केले, प्रत्येकी साधारण शंभर किलोमीटरचे. महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी. प्रत्येकावर एक मुख्य अभियंता आणि त्याच्या हातात निर्णयाचे अधिकार. आपल्या जिल्ह्यातल्या कामाचे निर्णय कुडाळात होत होते, हे आज तरुणांना सांगितलं तर खोटं वाटतं. आज साधा फलाटावरचा पत्रा गळत असला तरी निवेदन कुठे द्यायचं यावर दोन बैठका होतात.

त्याच बांधकामात आपल्या सीमेपलीकडे, गोव्यात, पेडण्याच्या बोगद्यात माती पुन्हा पुन्हा ढासळत होती. यंत्रं बाजूला ठेवून माणसांना हाताने खणावं लागलं, आणि त्यात जीव गेले. तिथे दिल्लीहून फाइल परत येण्याची वाट बघत बसायला कुणाला सवडच नव्हती. जागेवरच्या माणसाला तिथली माती कळते, म्हणून निर्णयही त्यानेच घ्यायचा, एवढी ती साधी व्यवस्था होती.

२०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला संमती दिली. ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम ठेवायचं, अशी त्यात अट आहे. दुपदरीकरणाला पैसा हवा, तो छोट्या महामंडळाकडे नाही, हे मला मान्य आहे. पण आपण अट घातली ती नावाची. निर्णयाचे अधिकार कोकणात राहतील का, यावर आपल्या पुढाऱ्यांपैकी फारसं कुणी बोललं नाही. फलकावरचं नाव पुसलं असतं तर मोर्चे निघाले असते. अधिकार मात्र मोर्चा न निघताही जातात.

आणखी एक गोष्ट, जरा वेगळ्या जातीची. २२ जून २००३ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात वैभववाडीजवळ दरड कोसळली, सुट्टीची खास गाडी रुळांवरून घसरली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. त्यानंतर उतार कापले गेले, जाळ्या लागल्या, गस्त वाढली. आणि पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवून वेगळं पावसाळी वेळापत्रक पाळणं कोकण रेल्वेच्या अंगवळणी पडलं. मुंबईचा प्रवासी त्यावर चरफडतो. माझ्या लेखी मात्र हाही कल्पक निर्णयच आहे. आपली गाडी चार महिने हळू धावेल, असं आधीच छापून सांगायला धंद्यात हिंमत लागते.

याच महामंडळाने स्कायबसही आणली होती. खांबांवरच्या रुळाला लटकून धावणारी बस. मडगावला तिचा चाचणीमार्ग बांधला, २००४ मध्ये चाचणीतच अपघात झाला, एक कर्मचारी दगावला, आणि पुढे सगळं मोडीत निघालं. डोकं तेच होतं, राजारामांचंच. पण ट्रकच्या योजनेमागे रोज डिझेल जाळणारा एक माणूस आधीपासून उभा होता. स्कायबस मडगावात कुणी मागितली होती, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता २०२५ च्या गणपतीकडे येतो. कोकण रेल्वेने त्या वर्षी ट्रकांसारख्याच मोटारी न्यायची सेवा जाहीर केली. एका फेरीत ४० मोटारी, कोलाड ते वेर्णा, एका मोटारीचं भाडं ७,८७५ रुपये. कल्पना ऐकायला झकास होती आणि सगळ्या वाहिन्यांवर ती झळकली. प्रतिसाद मात्र थंड. लगेच काही शहाणे म्हणाले, कोकणी माणसाला चांगलं काही पचत नाही.

त्यांनी चाकरमान्याचा हिशेब मांडून बघावा. गणपतीला त्याला जायचं असतं कणकवलीला, मालवणला, देवगडला. ती मोटार उतरणार होती गोव्यात, वेर्ण्याला. म्हणजे स्वतःचं गाव मागे टाकून पुढे जायचं आणि मग उलटं घरी यायचं. एका मोटारीमागे तीनच माणसं, त्यांची तिकिटं वेगळी. गणपतीला तीन माणसांचं कुटुंब जातं कुठे? आजी, आत्या आणि दोन पोरं काय मोदकांच्या डब्यात बसणार? शिवाय मोटार चढवायची कोलाडला. पनवेल ते इंदापूर हा महामार्गाचा कुप्रसिद्ध तुकडा, आणि कोलाड त्यातच येतं. म्हणजे खड्डे खाऊन झाल्यावर ही सेवा सुरू होणार. पुढे माणगाव तुंबतं, घाट आहेत, ते टळतं हे कबूल. पण तेवढ्यासाठी इतके पैसे आणि अख्खी रात्र मोजायला माणूस सहज तयार होत नाही.

ओरड झाल्यावर नांदगाव रोडला थांबा दिला गेला, ही चांगली गोष्ट झाली. नांदगाव कणकवली तालुक्यात, अगदी आपल्या वाटेवर. पण तोवर लोकांनी बाकीच्या गाड्यांची तिकिटं काढली होती, नाहीतर रात्री दोनला निघायचं ठरवलं होतं. १९९९ ची योजना चालली आणि ही रखडली, यात रूळ बदललेला नाही आणि रॅम्पही बदललेला नाही. तेव्हा ट्रकवाल्याचा खर्च ओळीओळीने तपासला होता. चाकरमान्याच्या बाबतीत ते राहून गेलं.

म्हणून ही सेवा बंद करा, असं मी म्हणणार नाही. उलट नांदगावचा थांबा वर्षभर डोळ्यांसमोर ठेवा. देवगडहून येणारा रस्ता महामार्गाला मिळतो तो नांदगाव तिठ्यावर. एप्रिल-मे महिन्यांत देवगड हापूसच्या पेट्या घेऊन वाशीला जाणाऱ्या गाड्या तिथूनच जातात. गणपतीत जिथे मोटारी उतरल्या, तिथे हंगामात आंब्याचे टेम्पो चढवता येतील का? मला वाटतं, येतील. पण वेळेची हमी नसेल तर बागायतदार फिरकणार नाही. बाजार पहाटेचा असतो, आणि दुपारी पोहोचलेल्या पेटीला विचारणारा नसतो. कोलाडला उतरून वाशीपर्यंत पुन्हा तोच खड्ड्यांचा तुकडा आहे, त्याचंही काहीतरी करावं लागेल. पनवेलच्या आसपास उतरवायची सोय होत असेल तर सगळं गणितच पालटतं.

कोकण रेल्वेच्या अधिकाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. पुढचं वेळापत्रक आणि भाडं जाहीर करण्याआधी बेलापूरच्या कार्यालयातून बाहेर पडा. देवगडचे चार बागायतदार, वाशीचे दोन आडते, एखादा चाकरमानी आणि रात्रपाळीचा एक ट्रक ड्रायव्हर यांना नांदगाव रोडच्या फलाटावर बोलवा आणि त्यांचा खर्च त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. गणपतीची सेवा असेल तर आरक्षण आधीच, नेहमीच्या गाड्यांची तिकिटं सुटतात त्याच दिवसांत उघडा. एका मोटारीमागे पाच माणसं बसू द्या. चहाचा खर्च आम्ही कुडाळचे ट्रकवाले करू.