उचलला की नाही?

महिनाअखेर. हातात पगाराची स्लिप, चेहऱ्यावर हसू. आणि खाली एक कपात : ‘पर्सनल कॉल्स’. आठवतंय ना?

गोष्ट २००४ची. पुण्यातली माझी पहिली नोकरी. डेस्कवरून एसटीडी लावायला प्रत्येकाला आपापला कोड होता. सुटताना मी रोज सांगलीला आईला फोन करायचे. पैसे पगारातून जायचे, तक्रार नव्हती. पण एका महिन्याच्या प्रिंटआउटमध्ये माझ्या नावावर चक्क २२ कॉल! बोलणं झालं होतं मोजून ९ वेळा. बाकी १३ वेळा नुसतीच रिंग. मी हट्टाने पंधरा-पंधरा रिंग वाजू द्यायचे, तरी कोणी उचलायचं नाही.

अ‍ॅडमिनच्या मॅडम म्हणाल्या, ‘‘मशीन कशाला खोटं बोलेल?’’ म्हणजे खोटारडी मीच!

नशिबाने त्याच आठवड्यात ईपीएबीएक्सवाले काका आले. त्यांना चहा पाजला आणि विचारलं. म्हणाले, ‘‘मॅडम, या डब्याला हॅलो ऐकू येत नाही.’’ पलीकडे फोन उचलला की टेलिफोन एक्स्चेंज आपल्या लाइनच्या दोन तारांमधलं प्लस-मायनस उलटं करतं. याला म्हणायचं पोलॅरिटी रिव्हर्सल. कितीतरी एसटीडी बूथमधलं मीटर याच इशाऱ्यावर पळायचं. पण ही सोय लाइनवर मागून घ्यावी लागते आणि आमच्या ऑफिसने ती घेतलीच नव्हती. मग डबा काय करणार? अंदाज! नंबर फिरवून ३० सेकंद झाले, की ‘उचलला’ असं धरायचं आणि घड्याळ सुरू. आपली ट्रिंग-ट्रिंग दर ३ सेकंदांनी वाजते. म्हणजे दहा रिंगांचा पेशन्स दाखवलात, की लागलं बिल!

टेलिफोन कंपनीचं तपशीलवार बिल मागवलं. एक्स्चेंजला खरं काय ते माहीत असतंच. त्यात माझे कॉल बरोब्बर ९. पैसे परत मिळाले, मॅडमनी सॉरीपण म्हटलं.

पण ते १३ कॉल डोक्यातून जाईनात. शेवटी आईला विचारलंच, ‘‘रोज संध्याकाळी जातेस कुठे?’’

‘‘अगं, घरातच असते. गुडघा धरलाय. स्वयंपाकघरातून येईपर्यंत तुझी रिंग बंद.’’

तीन महिने दुखत होता. मला पत्ताच नाही. मिळालेल्या पैशांत भर घालून कॉर्डलेस घेतला आणि पुढच्याच शनिवारी तिला डॉक्टरकडे नेलं.

आता ऑफिसातल्या डिजिटल लाइनवर ‘कनेक्ट’ असा संदेश येतो, इंटरनेट फोनवर ‘२०० ओके’. अंदाजाचा प्रश्नच नाही. मात्र पलीकडे माणसाऐवजी रेकॉर्डेड बाईने उचलला, तरी मशीनच्या लेखी तो उचललाच, बरं का!

आज घरी फोन लावाल, तेव्हा रिंग जरा जास्तच वाजू द्या. आणि नाही उचलला, तर का ते नक्की विचारा.