मारेगाव ते नागपूर आणि परत: ईव्हीची बॅटरी छोटी घ्यावी की मोठी?

मारेगावहून नागपूरला जाऊन यायचं तर अडीचशे किलोमीटरहून जास्त अंतर होतं. एका चार्जमध्ये एवढं जमेल का?

टाटा नेक्सॉन ईव्हीचं उदाहरण घेऊ. तिच्यात ३० आणि ४५ किलोवॅट-अवर अशा दोन बॅटऱ्या आल्या. एक किलोवॅट-अवर म्हणजे वीजबिलातलं एक युनिट. कागदावरची रेंज अनुक्रमे २७५ आणि ४८९ किलोमीटर. प्रत्यक्षात मात्र कंपनीच ती सव्वादोनशे आणि साडेतीनशेच्या आसपास धरते. विदर्भातल्या उन्हाळ्यात एसी लावून वेगात गेलं की ती आणखी घटते.

मग मोठीच घ्यावी? तिची किंमत जास्त, वजनही जास्त. घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगवर छोटी बॅटरी साधारण १० तासांत भरते, मोठीला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. शिवाय बॅटरी गाडीच्या तळाशी बसते. ती जाड झाली, तर आत पाय ठेवायची जागा कमी होते किंवा गाडीचा तळ रस्त्याच्या जवळ येतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर ते महागात पडतं.

रात्री पेशंटला घेऊन नागपूर गाठायचं असेल, तर पूर्ण चार्ज असलेली छोटी बॅटरीही पोहोचवते. प्रश्न परतीचा आहे. नागपुरात फास्ट चार्जर मिळाला, तर तासाभरात तोही सुटतो. त्यामुळे रोजचा प्रवास वणी-पांढरकवड्यापुरता असेल, तर छोटी पुरते. नागपूरच्या फेऱ्या दर आठवड्याला असतील आणि वाटेत थांबायला वेळ नसेल, तरच मोठीचे जादा पैसे वसूल होतात.